डिकीतले एकोणीस पटर

परवा गाडी सर्व्हिसिंगला टाकायची होती म्हणून बायकोने डिकी रिकामी करायला घेतली, आणि छत्री, जुनी चादर, कॉस्टकोच्या पिशव्या ह्या सगळ्याच्या खालून एकेक करत डिस्क गोल्फच्या एकोणीस डिस्क निघाल्या. तिने त्या ड्राइव्ह-वेमध्ये ओळीने मांडल्या, गच्चीवर पापड वाळत घालतात तशा. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, ह्या सगळ्या एकाच कामाच्या ना? मी म्हटलं हो, पटर आहेत सगळे. मग एकोणीस कशाला?

उत्तर होतं माझ्याकडे, पण ते ड्राइव्ह-वेमध्ये उभं राहून देण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना डिस्क गोल्फ माहिती नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. गोल्फच आहे, फक्त बॉल आणि काठीच्या जागी फ्रिस्बीसारख्या तबकड्या, आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लटकवलेली लोखंडी बास्केट. जिथे डिस्क पडली तिथून पुढची फेक, कमीत कमी फेकींमध्ये बास्केटमध्ये घालायची, बस. खेळ वाढला तो इथे कॅलिफोर्नियात. एड हेड्रिक नावाच्या माणसाने १९७५ मध्ये पासाडेनाजवळ ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स, म्हणजे खेळायचं मैदान, केला, आणि साखळ्यांची बास्केट ही पण त्याचीच आयडिया, त्याच्याआधी नुसत्या खांबाला मारायचे आणि मग लागली का नाही लागली यावर भांडायचे. २००२ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली, जेवलास का.

असो. डिस्कचे ढोबळ तीन प्रकार. लांब जायला ड्रायव्हर, त्याची कड पातळ आणि धारदार, मधल्या अंतराला मिडरेंज, आणि शेवटी बास्केटमध्ये घालायला पटर. पटरची कड जाड, बोथट, त्यामुळे तो हळू जातो, सरळ जातो आणि साखळीवर आपटला की पुढे न निसटता खाली ट्रेमध्ये पडतो. निदान पडावा अशी अपेक्षा असते.

मी सॅन होजेला आलो तेव्हा ऑफिसातल्या एकाने शनिवारी हेलियर पार्कला नेलं. कोयोटी क्रीकच्या काठाने कोर्स आहे, शेजारी सायकलींचा व्हेलोड्रोम, आणि दुपारनंतर असा वारा सुटतो की डोक्यावरची टोपी धरून चालावं लागतं. पहिल्या दिवशी त्याच्याच डिस्कने खेळलो, दुसऱ्या शनिवारी स्वतःचा तीन डिस्कचा स्टार्टर सेट घेतला, त्यात पटर होता इनोव्हा कंपनीचा एविआर, सगळ्यात साध्या डीएक्स प्लॅस्टिकमधला. एविआर म्हणजे ऐंशीच्या दशकापासून चालत आलेला पटर. केन क्लाइमो, जो बारा वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्याच्या नावाने केसी एविआर निघतो, जुलियाना कॉर्व्हरच्या नावाने जेके एविआर निघतो. म्हणजे माझ्या हातात पहिल्या सेटपासूनच चांगली वस्तू होती. हे कळायला मला तीन वर्षं आणि अठरा डिस्क लागल्या.

झालं काय, की मी पंधरा फुटांवरून चुकायचो. आणि चुकलं की माणूस हाताकडे बघत नाही, हातातल्या वस्तूकडे बघतो. आमच्या डोंबिवलीच्या मंडळात कॅरम खेळायचो तेव्हा पण हेच, क्वीन गेली नाही की पहिलं स्ट्रायकर उलटापालटा करून बघायचा, मग त्याला पावडर फासायची, मग शेजारच्याचा मागून घ्यायचा. पण तिथे एक दादा होता, तो स्वतःचा स्ट्रायकर रुमालात गुंडाळून खिशात आणायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. नियमाने स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सगळे तेवढ्याच्या आसपासचे, सगळे दिसायला सारखे, तरी त्याला डोळे मिटून आपला ओळखू यायचा. तेव्हा आम्ही त्याला हसायचो. पटरच्या दुकानात उभा राहिलो तेव्हा तो दादा आठवला.

पटर निवडताना लोक सगळ्यात आधी बघतात ते डिस्कवर छापलेले चार आकडे, स्पीड, ग्लाइड (किती तरंगतो), टर्न (सुरुवातीला किती वळतो), फेड (शेवटी किती वळतो). एविआरचे २, ३, ०, १. कास्टाप्लास्ट म्हणून स्वीडनची कंपनी आहे, त्यांच्या बर्गचे १, १, ०, २, म्हणजे तो हवेत तरंगतच नाही, वीट टाकल्यासारखा जातो आणि पडतो. मी पण एक्सेल शीट केलेली, खोटं नाही सांगत, अठ्ठावीस पटर आणि त्यांचे आकडे, कलर कोडिंगसकट. माझं आता मत असं आहे की वीस फुटांच्या आत हे आकडे विसरून जा. एवढ्याशा अंतरात टर्न होतच नाही, डिस्क हातातून सुटते आणि पोचते. आकडे कामाला येतात पटर दोनशे फूट फेकायचा असेल तेव्हा, तो वेगळा विषय, खाली येतो त्याच्यावर.

वीस फुटांत काय कामाला येतं तर हातात कशी बसते आणि हातातून कशी सुटते. दर वेळेला सारखी सुटली पाहिजे, बाकी काही नाही.

इथे बीडची भानगड येते. डिस्क उलटी करून बघितली तर काही पटरच्या कडेला सगळ्यात खाली एक बारीक गोल पट्टी असते, ताटाच्या काठाला असतो तसा कंगोरा, त्याला बीड म्हणतात. काहींना नसते, कड गुळगुळीत उतरते. ही पट्टी बोटाला लागते आणि तिथेच भांडण आहे. काहींना ती लागल्याशिवाय पकड घेतलीय असं वाटत नाही, आणि काहींना ती सुटताना बोटात अडकल्यासारखी वाटते आणि डिस्क उजवीकडे जाते. हे दुसऱ्याला विचारून कळत नाही. कळून घ्यायचा एकदम सोपा उपाय म्हणजे डायनॅमिक डिस्क्सचे जज आणि वॉर्डन हे दोन पटर शेजारी शेजारी धरायचे. जजला बीड आहे, वॉर्डन म्हणजे जवळजवळ तोच पटर बीड काढून टाकलेला. दोन्ही एकाच वजनाचे, एकाच प्लॅस्टिकमधले घ्या, दहा-दहा फेका, अर्ध्या तासात तुमच्या बोटांचा निकाल लागतो. मी हे न करता दीड वर्षं रेडिट वाचत बसलो.

माझा निकाल बीड नको असा लागला. माझी बोटं आखूड आहेत, पंजा लहान, त्यामुळे खोल कडेचा पटर धरला की बोटं आत पोचेपर्यंत तळवा ताणला जातो. ह्यावर कुणी बोलतच नाही, सगळे रिव्ह्यू लिहिणारे सहा-सहा फुटी, त्यांचे पंजे सुपाएवढे. त्यांना जे छान खोल आणि भरीव वाटतं ते मला कढई धरल्यासारखं वाटतं. बायकोचा पंजा तर माझ्याहूनही लहान. त्यामुळे लहान हाताच्या माणसाने दुकानात जाऊन हातात धरून बघितल्याशिवाय पटर घेऊ नये. मी एकदा ऑनलाइन तीन मागवलेले, एकाच मोल्डचे म्हणजे साच्याचे, तिन्हीचं वजन एकच हवं म्हणून तसं लिहून पण दिलेलं, आले तर एक १६६, एक १७०, एक १७५. परत पाठवायला तेवढेच पैसे लागणार होते म्हणून ठेवले. एकोणीसमधले ते तीन.

वजनाचं पण सांगतो. नियम असा आहे की डिस्कचा जेवढा व्यास सेंटीमीटरमध्ये, त्याच्या प्रत्येक सेंटीमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. पटर साधारण २१ सेंटीमीटरच्या जरा वर असतात, म्हणून बहुतेकांची कमाल १७५-१७६ ग्रॅमला येऊन थांबते. आपल्याकडे कॉलेजात जे अल्टिमेट फ्रिस्बी खेळतात ती डिस्क पण १७५ ग्रॅमचीच, पण ती केवढी तरी मोठी, म्हणून हातात हलकी वाटते. मी अल्टिमेट खेळून आलेलो, पटर पहिल्यांदा धरला तेव्हा वाटलं ही तर बशी आहे. जड पटर वाऱ्यात कमी हलतो, हलका जरा जास्त तरंगतो, खांद्याला त्रास असेल तर हलका बरा. हेलियरला दुपारी खेळणार असाल तर जडच घ्या. समोरून वारा आला की पटर नाक वर करतो आणि बास्केटच्या डोक्यावरून पलीकडे जातो, आणि मागून आला की धप्पकन खाली, ट्रेच्या बाहेरच आपटतो. माझ्या अर्ध्या शिव्या ह्या वाऱ्यामुळे इंग्रजीत पाठ झाल्यात.

आता प्लॅस्टिक. एकच पटर पाच-सहा प्लॅस्टिकमध्ये येतो आणि इथे लोक उगाच पैसे घालवतात, मी धरून. साधं प्लॅस्टिक दहा-बारा डॉलरला, पारदर्शक चकचकीत प्रीमियमवालं अठरा-वीसला. मला वाटलं महाग म्हणजे चांगलं. पण प्रीमियम प्लॅस्टिक टिकतं जास्त, झाडावर आपटलं तरी काही होत नाही, म्हणून ते ड्रायव्हरला ठीक आहे. पटर कुठे झाडावर आपटायचाय, त्याला हाताची पकड पाहिजे. गोल्डन गेट पार्कच्या कोर्सवर सकाळी धुकं असतं, झाडांवरून थेंब गळत असतात, हात गार पडलेले, तिथे तो चकचकीत पटर हातातून साबणाच्या वडीसारखा सटकतो. साधं, जरा खरखरीत प्लॅस्टिक तिथे बरं. आणि साधं प्लॅस्टिक मुरतं. हा माझा शब्द, इथले लोक बीट-इन म्हणतात. आपटून, घासून, साखळ्या लागून लागून कड मऊ होते, चरे पडतात, आणि डिस्क हळूहळू अजून सरळ जायला लागते. लोखंडी तवा जसा नवा असताना सगळं चिकटवतो आणि वर्षभराने त्याच्यावर घावन सुटून येतं, तसंच. मुरलेला पटर हरवला की माणसं खरोखर दोन दिवस गप्प असतात, बघितलंय मी.

मऊ का कडक हा पुढचा वाद. मऊ पटर साखळीला चिकटल्यासारखा होतो, उसळी कमी मारतो. पण उन्हाळ्यात गाडीत राहिला की अजून मऊ होतो, फेकताना हातात वाकतो. कडक पटर हातातून स्वच्छ सुटतो, पण साखळीच्या कडेला लागला तर बाहेर थुंकला जायची भीती जास्त. मला मधला आवडतो. मात्र एका जागी मी मऊच वापरतो, ती जागा म्हणजे सांता क्रूझचं डेलाव्हेगा. १९८४ पासूनचा कोर्स, सगळा डोंगरउतारावर, ओकची झाडं, पॉयझन ओकची झुडपं (हात लावायचा नाही, खाजखुजली परवडली) आणि २७ नंबरच्या होलचं नावच टॉप ऑफ द वर्ल्ड, टेकडीच्या डोक्यावरून खाली फेकायचं, लांब समुद्र दिसतो. तिथे पट, म्हणजे बास्केटमध्ये घालायची फेक, चुकला की डिस्क कडेवर उभी पडते आणि उताराला लागते आणि मग ती जातेच. मी पंधरा फुटांवरून चुकलोय आणि पुढचा पट साठ फुटांवरून केलाय. आमच्या ग्रुपमधला नागपूरचा एक जण तर डिस्कच्या मागे पळत गेला, अरे थांब थांब करत, बैल सुटल्यासारखा. मऊ पटर जमिनीवर पडला की जरा बसतो, कडक पटर चाकासारखा पळतो. शंभर टक्के नाही, पण दिवसाला दोन-तीन स्ट्रोक तरी वाचतात.

आणि मग फेकायची पद्धत, ती आधी ठरली पाहिजे, पटर नंतर. दोन घराणी आहेत. स्पिनवाले मनगटाचा झटका देतात, डिस्क जोरात फिरत सपाट जाते, लांबून चांगलं, वाऱ्यात पण टिकतं, पण चुकली की लांब जाते. पुशवाले मनगट जवळजवळ बंद ठेवून आख्ख्या हाताने, पायातून जोर घेऊन ढकलतात, डिस्क जराशी वर जाऊन साखळीत अलगद पडते, चुकली तरी बास्केटच्या पायाशी पडते. पुशवाल्याला जरा तरंगणारा, सरळ सुटणारा पटर बरा. स्पिनवाल्याला शेवटी डावीकडे थोडा वळणारा चालतो, उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावीकडे वळतो म्हणून म्हणतोय. मी कॅरमवाला, माझं सगळं बोटात आणि मनगटात, मी स्पिनवाला असणार हे उघड होतं, पण यूट्यूबवर बघून आठ महिने पुश करत बसलो आणि त्या आठ महिन्यांत सात पटर घेतले, कारण प्रत्येक पटर लवकर पडायचा. पटर कशाला लवकर पडेल, मीच ढकलत नव्हतो नीट.

त्यातला एक होता लूना. डिस्क्राफ्ट कंपनीने पॉल मॅकबेथ ह्या वर्ल्ड चॅम्पियन खेळाडूबरोबर केलेला, त्याच्याशी त्यांनी २०२१ मध्ये दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला तेव्हा आमच्या ऑफिसच्या लंचला तासभर तेवढीच चर्चा, तबकडी फेकायचे एक कोटी. डिस्क सुंदर आहे, आकडे ३, ३, ०, ३, चांगली भक्कम. पण मॅकबेथचा हात आणि माझा हात. तेंडुलकरची बॅट जड होती म्हणून आमच्या सोसायटीतल्या एकाने जड बॅट घेतलेली आणि आख्खा सीझन मिडऑनला कॅच देत होता, ते मला तेव्हा आठवायला पाहिजे होतं.

बायको खेळायला लागली ती वैतागून, की शनिवारी नवरा दिसतच नाही तर निदान चालणं तरी होईल. तिला मी आकडे सांगायला लागलो तर म्हणाली गप्प बस, आणि डिकीतून एकेक हातात घेऊन बघितला. सगळ्यात आधी खोल कडेचे टाकून दिले, मग चकचकीत टाकून दिले, मग दोनच उरले, त्यातला बर्ग घेतला. बर्गच्या वरच्या बाजूला कडेने एक खाच आहे, अंगठा तिथे बरोबर जाऊन बसतो. मी तो कधीच बाद केलेला, कारण एक्सेलमध्ये त्याचा ग्लाइड १ होता आणि मी तो लाल रंगात टाकलेला. ती म्हणाली अंगठा दर वेळी त्याच जागी जातो ना, मग झालं.

लांब फेकायच्या पटरचं राहिलंच. बऱ्याच लोकांकडे दोन असतात, एक मुरलेला साध्या प्लॅस्टिकचा फक्त पट करायला, आणि एक कडक प्रीमियममधला, दीडशे-दोनशे फुटांच्या फेकीला. ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण २०२१ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, युटामधल्या ऑग्डेनला. शेवटची राउंड, शेवटचं होल, जेम्स कॉनरॅड एका फेकीने मागे, मॅकबेथ पुढे. कॉनरॅड २४७ फुटांवर उभा, आणि त्याने अॅक्सिअमचा एन्वी, म्हणजे पटरच, फेकला आणि तो सरळ जाऊन साखळीत. बरोबरी, आणि मग प्लेऑफमध्ये जिंकला पण. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितलाय ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मी एन्वी शोधायला निघालो तर सगळीकडे संपलेले. दोन महिन्यांनी मिळाला. तोही डिकीत आहे. मी त्याच्याने आजवर सगळ्यात लांबून घातलेला पट चाळीस फुटांचा, आणि तो पण पानाला लागून आत गेलेला.

आता माझ्या बॅगेत पटर तीन. एक मूळचा डीएक्स एविआर, स्टार्टर सेटमधला, आता एवढा मुरलाय की त्याच्यावरचा शिक्का पुसलाय, मागे मार्करने लिहिलेला माझा फोन नंबर मात्र दिसतो आणि त्या नंबरवर तो दोनदा परत आलाय, एकदा क्रीकमधून. त्याचीच एक जुळी, जरा नवी, पहिला हरवला तर म्हणून आतापासून मुरवायला घेतलेली. आणि फेकायला एन्वी. बाकीचे सोळा ऑफिसच्या ग्रुपमध्ये वाटायचं ठरलंय, दोघा-तिघांनी मागितलेत, मी त्यांना सांगितलंय की आधी जज आणि वॉर्डन दोन्ही घरी न्या, दहा-दहा फेका, मग या. पॅटिओवर साखळ्यांची पोर्टेबल बास्केट आहे, तिथे रोज संध्याकाळी पन्नास फेकतो, पंधरा फुटांवरून, नऊच्या आत, कारण साडेनऊला एकदा खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या होत्या, त्यांना वाटलं आम्ही भांडी फेकून भांडतोय.

वाटायच्या सोळांत बर्ग पण होता. पण त्या खाचेत माझाही अंगठा बसतोय का ते एकदा बघावं म्हणून काल बायकोकडे मागितला. ती तेव्हा पॅटिओवर सलग सहावा पट घालत होती, वळून पण बघितलं नाही. म्हणाली, तुझ्याकडे अठरा आहेत ना.